सहावी ‘ब’चं टाचण : एका सत्राच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

सोमवारी शाळा उघडतेय. कपाट आवरताना मागच्या सहा वर्षांच्या टाचण वह्या (कोणत्या तासाला काय, कसं शिकवायचं ते आधी लिहून ठेवायच्या) हाती लागल्या आणि आवरणं राहिलं बाजूला. ‘अपूर्णांकांवरील क्रिया’ हे प्रकरण सहाही वह्यांत शब्दन्‌शब्द सारखं. उद्दिष्टं तीच, साधनांत ‘खडू, फळा, तक्ता’ तेच, गृहपाठाला ‘सरावसंच’ तोच. खाली दर शनिवारची लाल सही. एका वर्षी तर मी आदल्या वर्षीची तारीखसुद्धा तशीच उतरवलीय. त्यावरही सही आहे.

म्हणजे टाचण लिहायचं सहीसाठी, आणि वर्गात शिकवायचं अंगवळणी पडलंय तसं. दोघांची गाठभेट कधी झालीच नाही.

या सत्रात एकच गोष्ट करून बघायची आहे. एक तुकडी, एक विषय, आणि हातात धरून वर्गात नेता येईल असं टाचण. सहावी ‘ब’, गणित. बाकीचे वर्ग चालतात तसे चालू देत. सगळीकडे एकदम हात घातला तर गणपतीपर्यंत सगळंच सुटेल, स्वतःला चांगली ओळखते.

तयारीला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत आणि त्यात तयारीचा वेळही मोजलाय. स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर सगळे हसले. आमचे ऑफ तास गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर, प्रॉक्सीत जातात, ते कोणाला सांगायचं? तूर्त रविवारचे दोन तास घरातून उसने घेतलेत.

१७ जून, मंगळवार

आज फक्त दिवस मोजले. १६ जून ते ११ ऑक्टोबर असे १७ आठवडे, आठवड्याला गणिताच्या ६ तासिका. कागदावर १०२.

मग कॅलेंडर घेऊन पेन्सिलीने कापत गेले. सण आणि सुट्ट्या १३. घटक चाचणी आणि तिचे पेपर दाखवणं ५. सत्र परीक्षा ९. पावसाचे म्हणून ४. उरल्या ७१. गेली सतरा वर्षं मी १०२ तासिकांचं नियोजन करून सप्टेंबरात ‘पोर्शन राहिला’ म्हणून धावते आहे. राहणारच की.

पहिल्या सत्राला आमच्याकडे ९ प्रकरणं. ७१ भागिले ९ असं सरळ करून चालत नाही. भूमितीचे मूलभूत संबोध ४ तासिकांत होतात, अपूर्णांक १४ खाणार. शिवाय पुस्तकात अपूर्णांक चौथे आणि मसावि-लसावि नववे. छेद समान करायला लसावि हाताशी असता तर बरं झालं असतं. क्रम बदलावा असं वाटलं, पण घटक चाचणीची प्रश्नपत्रिका ‘अ’ आणि ‘ब’ला एकच. ‘अ’च्या बाई म्हणाल्या, “तू बदल हवं तर, पण माझ्या पोरांचं मग काय?” बरोबर आहे त्यांचं. क्रम राहू दिला. समान छेद पाढ्यांवरून काढायचा. दोन्ही छेदांचे पाढे शेजारी लिहायचे आणि दोघांत येणारी पहिली संख्या उचलायची. लसावि हे नाव सप्टेंबरात कळलं तरी काही अडत नाही.

२८ जून, शनिवार

टाचण सहीला नेलं. मुख्याध्यापकबाईंनी पान उलटसुलट करून बघितलं. “हे काय? रकाने कुठायत?”

माझं पान असं : सगळ्यात खाली, पण लिहिताना सगळ्यात आधी, शेवटच्या पाच मिनिटांत मुलं वहीत स्वतःची स्वतः सोडवतील ते एक उदाहरण. त्याच्या वर ‘काय चुकतील’. त्याच्या वर तीन प्रश्न. आणि माथ्यावर फळ्याचं छोटं चित्र. जेवायला किती माणसं हे कळल्याशिवाय कणीक कोण भिजवतं? तसं मुलांना शेवटी काय यायला हवं हे आधी ठरवायचं आणि मग मागे मागे यायचं. अमेरिकेत ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ साली हीच उलटी आखणी मांडली. आपल्याकडच्या शिक्षण परिषदेत ती आता अध्ययन निष्पत्तीच्या, म्हणजे शिकून झाल्यावर मुलांना काय यावं त्याच्या, वेष्टनात येते, पण रकान्यात भरताना पुन्हा वरून खालीच भरली जाते.

बाई वाईट नाहीत. त्यांनाही वर कोणालातरी दाखवायचं असतं. तोड अशी निघाली : छापील वहीत रकाने चार ओळींत भरायचे आणि माझं पान मागे टाचणीने लावायचं. टाचणाला टाचणी, मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

घरी येताना बी.एड.चे पाठ आठवले. हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या पाठ घेण्याच्या पायऱ्या, त्याच्या अनुयायांनी पाच केलेल्या, आणि आम्ही त्या पाचांसाठी रात्र रात्र जागलेल्या. प्रस्तावनेचे प्रश्न तर काय वर्णावेत! ‘मुलांनो, सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता?’ ‘दात घासतो.’ ‘दात घासायला काय लागतं?’ एखादं पोर ‘ब्रश’ म्हणालं की घामच फुटायचा, कारण विषय होता पाणी.

४ जुलै, शुक्रवार

पूर्णांक संख्या. फजिती झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

संख्यारेषेसाठी लोकलची स्टेशनं घेतली होती. ठाणे म्हणजे शून्य. कल्याणकडे जाताना कळवा +१, मुंब्रा +२, दिवा +३. मुंबईकडे मुलुंड −१, नाहूर −२, भांडुप −३. रविवारी हे सुचलं तेव्हा स्वतःवरच खूश होते.

तासिका ३५ मिनिटांची, पण ही सकाळची पहिली. प्रार्थना, हजेरी, हजेरीचं ऑनलाइन भरणं, उशिरा आलेल्यांना आत घेणं यात ९ मिनिटं गेली. मग ठाणे शून्य का, हे सांगताना माझी गाडी रुळावरून घसरली : १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघून इथेच आली, ३४ किलोमीटर. पोरांचे डोळे चमकले. आणखी प्रश्न आले, मीही सांगत सुटले. ६ मिनिटं. मजा आली, पण गणिताच्या खात्यात भोपळा. उरली २० मिनिटं, त्यात एकाने रास्त हरकत घेतली, “बाई, फास्ट कळव्याला थांबत नाही.”

आणि शेवटच्या उदाहरणाला, −३ आणि −१ यांत मोठी कोणती, निम्म्याहून अधिक वर्गाने −३ लिहिलं. विचारलं तर उत्तर तयार : “भांडुप लांब आहे ना, बाई.”

ती चूक मुलांनी घरून आणली नव्हती, माझ्या स्टेशनांनी शिकवली होती. स्टेशनांना अंतर असतं, मोठं-लहान नसतं. उद्या तळघर असलेली लिफ्ट घेणार. तिथे −३ खाली आणि −१ वर, हे दिसतं. टाचणात एक नवी ओळ घातली : ‘हा दाखला चुकीचं काय शिकवेल?’

दुसरं, पहिल्या तासाचं टाचण २५ मिनिटांचंच लिहायचं.

१३ जुलै, रविवार

उद्यापासून अपूर्णांक. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या आठवड्यात सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी घेतली होती, पुस्तक उघडायच्या आधी. तेव्हाचे कागद आज पसरून बसले. हजर ३९. १/२ + १/३ याला २१ जणांनी २/५ लिहिलंय. अंशात अंश, छेदात छेद. हे अपेक्षितच. ४ १/४ − १ ३/४ हे तिघांनाच आलं. ‘पाऊण तास म्हणजे किती मिनिटं’ याला १७ बरोबर, आणि चुकलेल्यांत ‘पाऊण म्हणजे काय?’ असं चार कागदांवर लिहिलंय.

हे चार कागद मी बराच वेळ हातात धरून बसले. मराठी माध्यमाची मुलं. घरात वेळ विचारली तर ‘थ्री फॉर्टीफाइव्ह’. दुकानात ‘सातशे पन्नास ग्रॅम’. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन : एवढा मोठा अपूर्णांकांचा संसार आपल्या बोलण्यात मांडलेला आहे, आणि आपण शिकवायला सुरुवात करतो ती चार भाग केलेल्या पिझ्झाच्या चित्रापासून.

संध्याकाळी जांभळी नाक्याला भाजीला गेले तेव्हा कान देऊन ऐकलं. “पावशेर मिरची, अर्धा कोथिंबीर.” शेर जाऊन किती वर्षं झाली, पावशेर अजून हटला नाही; आता तो २५० ग्रॅमला चिकटलाय. पिशवी भरेपर्यंत पहिल्या चार तासिका डोक्यात ठरल्या.

आज तीन तास गेले. दोन ठरवले होते.

१६ जुलै, बुधवार

पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचे अंशाधिक अपूर्णांकात रूपांतर. २ १/३ चं उत्तर ७/३. एका मुलाने वहीत ७ लिहिलं होतं. नुसतं सात. मला वाटलं छेद विसरला. “कसं आलं रे?” “एकवीस भागिले तीन, बाई.”

फळ्याकडे बघितलं. माझा २ आणि त्याला खेटून लिहिलेला १. मागच्या बाकावरून ते चक्क २१/३ दिसत होतं. पोराने गणित अगदी बरोबर केलं होतं, फळ्यावरचं. आणखी पाच वह्यांत तेच निघालं.

जपानी शिक्षक फळ्याचंही टाचण करतात. ‘बानशो’ म्हणतात त्याला : तासभरात फळ्यावर काय कुठे येणार हे आधी आखायचं, डावीकडून उजवीकडे भरत जायचं आणि मधे पुसायचं नाही, म्हणजे शेवटी अख्ख्या तासाचा विचार एका नजरेत दिसतो. आमच्या फळ्याच्या माथ्यावर सुविचार, उजव्या कोपऱ्यात पट-हजर, डाव्या कोपऱ्यात कालच्या हिंदीचे शब्द ‘पुसू नये’ अशा धमकीसह. उरलेल्या जागेत बानशो बसवायचा.

तरी केलं. फळ्याचे तीन उभे पट्टे. पूर्णांक पिवळ्या खडूने, अपूर्णांक पांढऱ्याने, मधे दोन बोटं जागा. आणि चुकलेलं गणित डाव्या पट्ट्यात तसंच ठेवलं, पुसलं नाही. कोणाचं ते सांगितलं नाही, पण ज्याचं होतं तो सगळ्यांना सांगत सुटला.

२२ जुलै, मंगळवार

आजची तासिका जमली. कशी जमली ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

उदाहरण ४ १/४ − १ ३/४. ‘काय चुकतील’च्या ओळीत लिहिलं होतं : ४ मधून १ वजा करून ३, आणि १/४ मधून ३/४ जात नाही म्हणून उलटं, ३/४ मधून १/४. उत्तर ३ २/४. लहानपणी ४२ − १७ करताना सातातून दोन वजा करणारी हीच मुलं. मोठ्यातून लहान जातं, ही खोड जुनी आहे.

पहिली पाच मिनिटं काही न सांगता सोडवायला दिलं. वर्गात फिरले. अंदाज खरा ठरला, बहुतेकांचं ३ २/४. एका मुलीने पुढे नीटनेटकं करून ३ १/२ केलं होतं. तेच फळ्यावर घेतलं, मधल्या पट्ट्यात.

मग घड्याळाचा तक्ता लावला. “दुपारची शाळा आहे असं धरा. पावणेदोनला आत आलात. सव्वाचारला सुटलात. किती वेळ शाळेत होतात?”

पावणेदोन म्हणजे काय, यावर आधी थोडा गोंधळ. काटे फिरवून दाखवले. नंतर बोटांवर मोजणी सुरू झाली. पावणेदोन ते पावणेतीन एक. पावणेचार दोन. पावणेचार ते सव्वाचार अर्धा. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, “अडीच!” मग सगळीकडून अडीच, अडीच.

मी काही बोलले नाही. सव्वाचारच्या खाली ४ १/४ लिहिलं, पावणेदोनच्या खाली १ ३/४. आणि फळ्यावरच्या ३ १/२ कडे बघत उभी राहिले.

शांतता. मग तीच मुलगी, जिचं ते उत्तर होतं, म्हणाली, “बाई, साडेतीन कसं येईल? एक तास जास्त बसवलंत आम्हाला.”

वर्ग हसला. पण आता सगळ्यांना कारण हवं होतं. तिथून पुढचं सोपं झालं : ४ १/४ मधला एक तास सोडवायचा, त्याचे चार पाव करायचे, आधीचा एक पाव, झाले पाच पाव. ३ ५/४ − १ ३/४ = २ २/४. रीत तीच, पुस्तकातली. फरक इतकाच की आज ती त्यांनी मागून घेतली.

शेवटच्या पाच मिनिटांचं उदाहरण : ५ १/३ − २ २/३. मुद्दाम घड्याळात न बसणारं वाटेल असं. ३६ पैकी २३ बरोबर. एकाने समासात लिहिलं होतं, ‘२० मिनिटं = १/३’. म्हणजे ते घड्याळात बसतं, मलाच दिसलं नव्हतं.

२६ जुलै, शनिवार

गृहपाठ दिला होता : घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, पावकी-निमकी पाठ आहे का.

आज वर्गात नुसता बाजार. एकाच्या आजोबांनी नातवाच्या आईच्या मोबाइलवर पाऊणकी म्हणून पाठवली. सातारकडचे, जुने माथाडी. दम लागतोय मधे, पण अडत नाहीत. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा; पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी. साडेतीनाची औटकी. ‘औट’ हा शब्द वर्गात कोणालाच माहीत नव्हता, एका मुलीची आजी सोडून, आणि ती तर शाळेत गेलेली नाही.

दोन मुलांच्या घरी हिंदी बोलतात. ती गप्प बसली होती. विचारल्यावर कळलं, त्यांच्याकडे ‘पौना, सवा, ढाई’ रोजच्या बोलण्यात आहे. मराठी बोलणाऱ्या निम्म्या घरांपेक्षा त्यांचा अपूर्णांक जास्त जिवंत निघाला.

पाठांतर परत आणायचं माझ्या डोक्यात नाही. पण पुढच्या आठवड्यात गुणाकार आहे, आणि ‘८ चं पाऊण’ म्हणजे ३/४ × ८ हे सांगायला आजोबांचा तो आवाज वर्गात लावणार. टाचणात साधनांच्या रकान्यात लिहिलं : ‘आजोबा’. बघू सही होते का.

(सोमवारची पुरवणी : झाली.)

३० जुलै, बुधवार

विज्ञानाच्या सरांना तासाला बसवलं. जपानातला ‘जुग्यो केन्क्यू’ हा प्रकार त्यांना आधी सांगितला होता : शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण घेतो, बाकीचे मुलांकडे बघतात, आणि मग सगळे मिळून पाठ दुरुस्त करतात. शिक्षकाला गुण द्यायचे नसतात. आमच्याकडे पाठ निरीक्षण म्हटलं की मागे बसलेला माणूस बाईंचा आवाज, फळ्यावरचं अक्षर आणि तक्त्याचा आकार बघतो. म्हणून सरांना बजावलं, माझ्याकडे बघायचंच नाही. चार मुलं निवडा आणि तीच बघा.

त्यांचा कागद जसाच्या तसा वहीत चिकटवलाय. थोडक्यात : एका मुलीचं दोन मिनिटांत झालं, उरलेला वेळ तिने समासात ठिपक्यांची रांगोळी काढली. दोघांनी एकमेकांचं बघून लिहिलं, दोघांचंही चूक. आणि चौथा, ज्याला मी ‘काही येत नाही’ या खात्यात टाकून मोकळी झाले होते, त्याने उत्तर बरोबर काढलं होतं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने दुसरंच उत्तर ओरडून सांगितल्यावर त्याने आपलं खोडलं.

खाली सरांनी आकडा लिहिला होता : ‘बाई, तुम्ही १४ प्रश्न विचारलेत. ९ ची उत्तरं तुम्हीच दिलीत.’

मी भांडलेच जरा. मग गप्प बसले. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच मोजून दाखवलं होतं : प्रश्न विचारून शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात, गप्प मुलं बोलू लागतात, उत्तरच न येण्याचं प्रमाण घटतं. हे मी प्रशिक्षणात ऐकून, लिहून घेऊन, दुसऱ्यांना सांगूनही झालं होतं.

टाचणात आता प्रत्येक प्रश्नापुढे ‘५’ लिहिते. मनात पाच अंक मोजायचे. आणि उत्तर तोंडी नाही, आधी सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, मग पाट्या वर. पाट्या जुन्याच, बालवाडीच्या कपाटातून उचलल्या. हुशार पोराचं तोंड बंद ठेवायचा याहून सभ्य उपाय सापडला नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

सोमवार-मंगळवार पावसाने नेले. आधी घटक चाचणी, मग १५ ऑगस्ट, मग दहीहंडी. अपूर्णांकांना १४ तासिका दिल्या होत्या, १८ झाल्या आणि भागाकार अजून बाकी. पावसाचे ४ दिवस धरले होते ते किती शहाणपणाचं होतं हे आज कळलं.

आज २२ मुलं. बाकीच्यांच्या घरात पाणी, चिखल, आवराआवर. अशा दिवशी नवीन शिकवलं तर उद्या पुन्हा शिकवावं लागतं. न शिकवलं तर दिवस जातो. म्हणून भागाकाराचं फक्त मूळ घेतलं, रीत नाही. पाऊण किलो शेंगदाण्यांच्या पावशेरच्या पुड्या किती? तीन. अडीच लिटर दूध, अर्ध्या लिटरच्या पिशव्या? पाच. भागाकार करूनही उत्तर मोठं कसं आलं, यावर वर्ग अडला, आणि अडू दिला. ‘उलटा करून गुणा’ शनिवारी, सगळे आल्यावर.

काय गाळलं ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन : सरावसंचातली निम्मी उदाहरणं आणि माझा लाडका कागदाच्या पट्ट्यांचा उपक्रम. पट्ट्या कापायला रविवार गेला होता. कापलेल्या आहेत म्हणून वर्गात वापरायच्या, या मोहात मी पूर्वी बरेच तास घालवलेत.

१० सप्टेंबर, बुधवार

गणपती झाले. अर्धा वर्ग कोकणातून आणि घाटावरून परतला, येताना अपूर्णांक गावीच ठेवून आला. आज १/२ + १/३ पुन्हा आठ जणांचं २/५.

जीव खट्टू झाला, पण यात नवल काही नाही. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा आलेख काढला होता. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने जातं. तोड एकच, मधे मधे पुन्हा आठवायला लावणं. आणि ती टाचणातच बसवायला हवी, कारण वर्गात उभं राहिल्यावर आयत्या वेळी ती सुचत नाही.

सुरू केलंय ते असं : तासाच्या सुरुवातीला हजेरी चालू असताना फळ्यावर दोन शिळी आणि एक ताजं. शिळी म्हणजे एक मागच्या आठवड्यातलं, एक मागच्या महिन्यातलं. ताजं कालचं. मुलांनी त्याला लगेच ‘शिळी भाकरी’ नाव दिलं. हजेरीची ९ मिनिटं आजवर वाया जात होती ती यात आली. शिळी कोणती द्यायची याची यादी पानाच्या पाठीवर, महिन्याची एकदम.

स्तंभालेख आणि सममिती दोन-दोन तासिकांत उरकते आहे. याबद्दल मला विशेष वाईट वाटत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

जूनचेच सहा प्रश्न, आकडे बदलून. हजर ३८.

२/५ सारखी बेरीज करणारे २१ होते, आता ५. सव्वाचार-पावणेदोनच्या जातीचं उदाहरण ३ वरून २७. पाऊण तास ३५ जणांना. पण संख्यारेषेवर २ १/४ दाखवा, हे जूनमध्ये ११ जणांना येत होतं, आता १४. म्हणजे तिथे मी काहीच केलेलं नाही. पानं चाळून बघितली. संख्यारेषेच्या दोन्ही तासिका पावसाआधीच्या घाईत गेल्या होत्या आणि ‘काय चुकतील’ची ओळ दोन्हीकडे कोरी होती.

योगायोग असेलही. पण वहीत आणखी सात पानांवर ती ओळ कोरी सापडली, आणि त्यातल्या पाच तासिकांबद्दल मला आज काहीही आठवत नाही.

वेळेचा हिशोब : जुलैत एका आठवड्याच्या टाचणाला तीन तास लागत होते. आता सव्वा तास, क्वचित दीड. नवरा म्हणाला, “आता तू आकडेही असेच बोलतेस.”

११ ऑक्टोबर, शनिवार

पेपर तपासून झाले. ‘ब’ आणि ‘अ’ यांची सरासरी जवळपास सारखीच आहे. सगळ्यांना वाटलं मी नाराज होईन. प्रश्नपत्रिकेत निम्मे गुण व्याख्या आणि रिकाम्या जागांना आहेत, तिथे फरक पडायचं कारण नव्हतं. शाब्दिक उदाहरणं वेगळी काढून बघितली तर ‘ब’ची मुलं पुढे आहेत, फार नाही. कोरं सोडणारी मात्र अगदी कमी. चुकीचं का होईना, लिहितात.

‘अ’च्या बाईंनी अपूर्णांकांची पानं झेरॉक्सला मागितली. दिली, पण सांगितलं की चुकांची ओळ झाकून ठेवा आणि आधी स्वतः लिहा. तुमच्या वर्गाच्या चुका तुम्हालाच माहीत. त्यांनी पानावर नजर टाकली आणि म्हणाल्या, “२१ भागिले ३? हे तर माझ्याकडे दर वर्षी होतं. मला वाटायचं पोरं दुर्लक्ष करतात.”

दुसऱ्या सत्राची सुरुवात समीकरणांनी. पान आखलं. शेवटचं उदाहरण लिहून झालं : एका संख्येत ७ मिळवले तर १५ येतात. चुकांच्या ओळीत एवढंच आलंय : ‘x म्हणजे गुणाकाराचं चिन्ह समजतील.’ आणखी काय चुकतील ते सुचत नाहीये. दिवाळीनंतर पहिल्या दिवशी सातवीतल्या चार मुलांना मधल्या सुट्टीत बोलावून विचारणार, गेल्या वर्षी तुमचं काय चुकायचं.